दुसऱ्या भिजवणीचा सोडा

चाळिशी गाठली तरी ती घरात धाकटीच होती. थोरली होती तोवर त्या शब्दाला अर्थ होता. थोरली गेली आणि शब्द तेवढा मागे राहिला. आई तिला दुसरी हाक मारत नसे. कारखान्यातले सोडावाले काका तिच्या वडिलांबरोबर कामाला लागलेले, त्यामुळे तेही चारचौघांत खुशाल ‘धाकटे’ म्हणत. बाकी सगळे मॅडम म्हणायचे. चाचणीखोलीच्या मॅडमची सही झाल्याशिवाय सुताची एक लडी फाटकाबाहेर पडत नसे, आणि ती सही मिळवताना भल्याभल्यांना घाम फुटायचा.

कारखाना लाकडापासून सूत काढायचा. नव्या माणसाला सांगितलं की तो आधी हसतो. पण गोष्ट खरी आहे. लाकडाचा लगदा टीपकागदासारख्या जाड पत्र्यांत वाळवून गठ्ठ्याने येतो. ते पत्रे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उभे ठेवायचे. ते फुगतात, मऊ होतात. मग दाबून पिळायचे, पिळलेल्याचा भुगा करायचा आणि तो उबदार खोलीत मुरवायचा. पुढे त्याचा मधासारखा दाट रस होतो, तो बारीक भोकांच्या तोट्यांतून ॲसिडमध्ये सोडला की धागा तयार. झाडाचा खोडपणा जातो आणि रेशमासारखं काहीतरी हातात येतं.

आता सगळी झाडं सारखी नसतात, हे मात्र फार थोड्यांना कळतं. थंड मुलखातल्या झाडाचा लगदा लांब रेघेचा, म्हणजे लांब तंतूंचा, शहाण्या मुलासारखा सांगितलं तसं वागणारा. झटपट वाढवलेल्या झाडाचा आखूड आणि चिरचिरा. फार वर्षं उभ्या राहिलेल्या झाडाच्या पोटात चिकट असा गोंद साठतो आणि तो सुतात उतरला तर सूत कसं वागेल याचा भरवसा देता येत नाही. तो गोंद काढायचं काम सोड्याचं. इथेही लोकांची समजूत उलटी असते. त्यांना वाटतं, सोडा जेवढा कडक तेवढा तो जास्त काढणार. कडक सोडा लगदा आत शिरून मोकळा करतो एवढंच. त्याच्या पोटातलं खरं बाहेर ओढतो तो नंतरचा, जरा सौम्य सोडा. त्याला काका ‘दुसरी भिजवणी’ म्हणायचे. वेळखाऊ काम, म्हणून क्वचितच करायचे.

त्या वर्षी थंड मुलखातला माल उशिरा यायला लागला आणि साहेबांनी जवळच्या लगदा गिरणीतून पन्नास गठ्ठे उचलले. गठ्ठ्यावरची चिठ्ठी धाकटीने दोनदा वाचली. निलगिरी, जुनी झाडं, तळ्याकडचा तुकडा.

तळ्याकडचा तुकडा बत्तीस वर्षं कोणी तोडला नव्हता. जमिनीचा वाद कोर्टात लोळत पडलेला. आता वाद मिटला, झाडं गेली.

बत्तीस वर्षांपूर्वी शाळेतून येताना दोघी बहिणींनी त्या झाडांतून आडवाट धरली होती. ताई अकरा वर्षांची, धाकटी आठची. संध्याकाळी धाकटी एकटीच घरी आली. ताई माझा हात सोडून पळाली, रस्त्याच्या बाजूला गेली, असं तिने सांगितलं. गावभर माणसं रस्त्याच्या बाजूला कंदील घेऊन फिरली. तळ्याकडे लोक वळले ते तिसऱ्या दिवशी, आणि तळ्याकाठच्या दलदलीने काहीही परत दिलं नाही.

हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरात यावर पुन्हा कोणी हूं की चूं केलं नाही. वडील गेले तेव्हाही नाही.

धाकटीने स्वतःला समजावलं की लाकूड म्हणजे लाकूड. तिने गठ्ठे भिजवणीला पाठवले. काकांनी पत्रे टाकीत उभे केले आणि तासाभराने तिला बोलावलं.

“हे बघ बाई काय चाललंय.”

पत्रे फुगले होते, ते फुगणारच. पण सगळे एका अंगाला कलले होते, ती उभी होती त्या अंगाला. ती टाकीच्या दुसऱ्या बाजूला गेली. काका बिडी नसलेली बोटं ओठाशी नेऊन उभे राहिले. थोड्या वेळाने पत्रे पुन्हा कलले, तिच्याकडे.

“पाण्याचा ओढा असेल,” ती म्हणाली.

“टाकीतलं पाणी उभं आहे गं. ओढा कुठून आणू?” काका म्हणाले, पण त्यांनी विषय वाढवला नाही. सोड्याच्या टाकीपाशी आयुष्य काढलेल्या माणसाला बऱ्याच गोष्टींकडे काणाडोळा करायची सवय असते.

आठवड्याने पहिलं सूत चाचणीखोलीत आलं. या सुताचा एक स्वभाव आहे. कोरडं असताना ते चिवट असतं, ओलं झालं की निम्मा जोर जातो. म्हणून प्रत्येक लडीतला धागा पाण्यात बुडवून त्याचा ताण मोजतात. त्याआधी जुनी माणसं एक करतात, जे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. ओल्या धाग्याचा वेढा तर्जनीभोवती घालून बोट पाण्यात धरायचं. धागा किती ढिला पडतो हे बोटाला यंत्राच्या आधी कळतं. धाकटीला हे काकांनीच शिकवलं होतं.

तिने बोट पाण्यात धरलं. धागा ढिला पडला नाही. तो आवळला. एकदा लांब, दोनदा आखूड.

शाळेच्या वाटेवर अंधारून आलं की ताई तिचा हात अस्साच दाबायची. एकदा लांब, दोनदा आखूड. मी आहे, भिऊ नकोस. ही दोघींचीच खूण होती, बाहेर कुणाला माहीत नव्हती.

धाकटीने बोट ओढून घेतलं, म्हणजे घ्यायला गेली. धागा सोडेना. खूण संपली होती आणि नुसतं आवळणं चाललं होतं, सावकाश, न थकता. बोटाचं टोक जांभळं झालं. तिने डाव्या हाताने कात्री शोधली, पाण्यातच धागा कापला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

मग तिने काकांना बोलावलं. खोटं कशाला सांगा, तिला आशा होती की त्यांच्याही बोटाला तसंच होईल. काकांनी वेढा घातला, बोट बुडवलं, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

“अरे! हात धरतंय की हे.” ते लहान मुलासारखे हसले. “सोडलं बघ. धरलं आणि सोडलं. धाकटे, असलं सूत उभ्या जन्मात पाहिलं नाही.”

“सोडलं?”

“सोडलं की. तुझं नाही सोडलं?”

“सोडलं,” ती म्हणाली आणि बोट खिशात घातलं.

सगळ्यांना सोडत होतं. तिलाच का सोडत नव्हतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ताई पळाली नव्हती. तळ्याकाठी ताईचा पाय घसरला, ती हिरव्या शेवाळात कमरेपर्यंत गेली आणि तिने धाकटीचं मनगट धरलं. धाकटीही खाली सरकायला लागली. ती घाबरली आणि तिने हात हिसडला. दोनदा हिसडावा लागला. मग ती उलट्या दिशेने धावत सुटली आणि घरी येऊन बोट रस्त्याकडे दाखवलं, कारण तळ्याकडे दाखवलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, तू तिथे काय करत होतीस. आठ वर्षांच्या पोरीचं डोकं कितीसं चालणार! पण चाळिशी गाठलेल्या बाईचं तर चालत होतं ना. तिनेही कधी दुरुस्ती केली नाही. आईला हे कळलं तर आपण आईला मुकू, एवढी एकच भीती तिने बत्तीस वर्षं जपली होती.

आणि आता पन्नास गठ्ठ्यांचं सूत तिच्या टेबलावर येणार होतं. त्याचं कापड होणार, ते कुठल्या ना कुठल्या दुकानातून तिच्याच घरी यायला किती वेळ लागणार? आई ते धुवायला घेईल. आईचा हात पाण्यात जाईल.

ती साहेबांकडे गेली. “या मालात गोंद फार आहे. मुरलेला भुगा आणि राहिलेले गठ्ठे सगळे पुन्हा टाकीत घ्यायचे. दुसरी भिजवणी द्यावी लागेल.”

“वेळ किती जाईल?”

“जाईल तेवढा जाईल. मी अशा सुतावर सही करणार नाही.”

साहेब तिच्या सहीला वचकून होते. त्यांनी मान डोलावली.

भुगा मुरवायच्या खोलीत ती स्वतः गेली. भुग्याची पिंपं नेहमीच कोमट असतात, पण त्या दिवशी तिने हातमोजा काढून पिंपाला तळवा लावला तर ते तापल्या अंगाइतकं गरम लागलं. ताईला ताप आला की धाकटी तिच्या कुशीत शिरायची, त्याची तिला आठवण झाली. तिने हातमोजा चढवला आणि माल टाकीत लोटायला सांगितला. सौम्य सोडा, तिने ठरवलेला, तिने मोजलेला. दोन तासांनी निचरा झाला. जे पाणी पिवळट निघायला हवं ते गढूळ, काळपट हिरवं निघालं आणि सगळ्या शेडभर साचलेल्या तळ्याचा वास पसरला. काकांनी रुमाल नाकाला लावला. धाकटीने लावला नाही. आपण तिला दुसऱ्यांदा बुडवतोय, हे तिला स्वच्छ कळत होतं, आणि तरीही ती शेवटचा पत्रा निथळेपर्यंत तिथून हलली नाही.

नवं सूत आलं. तिने वेढा घातला, बोट बुडवलं. धागा भिजला, ढिला पडला, आणि पाण्यात गपगार तरंगत राहिला. तिचा जीव भांड्यात पडला. सही केली. त्या संध्याकाळी ती दोनदा वाढून घेऊन जेवली. आई ताटाकडे बघत होती. आई सगळं बघायची, बोलायची तेवढी नाही.

पुढच्या आठवड्यात थंड मुलखातला माल एकदाचा आला. शहाणा, लांब रेघेचा, समुद्रापलीकडच्या झाडांचा. त्या झाडांनी हे तळं स्वप्नातही पाहिलेलं नव्हतं. त्याचं सूत तयार होऊन आलं, धाकटीने सवयीने वेढा घालून बोट पाण्यात धरलं आणि पुढच्याच क्षणी ती कात्री शोधत होती.

धुलाईच्या शेडमध्ये हसणं ऐकू येत होतं. बायका ओल्या लड्या हातात घेऊन एकमेकींना दाखवत होत्या. “माझी नात अशीच बोट धरते,” एकजण म्हणाली. दुसरी म्हणाली, “नवऱ्याने इतक्या वर्षांत धरला नसेल एवढ्या मायेने हात धरतंय बघ.” कुणालाही त्रास नव्हता. धरत होतं आणि सोडत होतं. धाकटी दारात उभी राहिली तेव्हा दोऱ्यांवर टांगलेल्या सगळ्या लड्या, वारा नसताना, दाराकडे वळल्या. बायका हसायच्या थांबल्या.

ती तडक सोड्याच्या टाक्यांकडे गेली.

“काका, दुसऱ्या भिजवणीचा सोडा कुठे सोडलात?”

“मोठ्या टाकीत. आणखी कुठे सोडणार?”

तिच्या तोंडात मारल्यासारखं झालं. लगद्यातून पिळून निघालेला सोडा फेकत नाहीत, परत वापरतात, हे कारखान्यातलं शेंबडं पोरही सांगेल. तिने गोंद लाकडातून काढला आणि तो सोड्यात गेला, सोडा टाकीत गेला, आणि टाकीतून प्रत्येक नव्या लगद्यात शिरला. वीस वर्षं हेच काम केलेली बाई ही चूक करते! पण तिला सूत धुवायचं नव्हतंच. तिला जे धुवायचं होतं त्याच्या नादात टाकीचा विचार करायला तिला फुरसत कुठे होती?

“टाकी रिकामी करा. आजच.”

काकांनी टाकी रिकामी केली. घासली, ॲसिडने धुतली, नवा सोडा भरला. चार दिवसांनी नवं सूत आलं. त्यानेही तिला धरलं.

या वेळी ती ओरडलीच. “रिकामी केली म्हणालात ना!”

“केली की. तुझ्यादेखत केली.” काकांना राग आला होता. “बादली तेवढी ठेवली. ती तर ठेवतोच.”

बादली. टाकी धुताना जुन्या सोड्याची एक बादली काढून ठेवायची आणि नव्या सोड्यात ओतायची, विरजण ठेवतात तशी. त्याने काही होतं की नाही हे कुणी तपासलं नव्हतं. काकांना त्यांच्या उस्तादाने शिकवलं होतं, उस्तादाला आणखी कुणी. यंत्रं बदलली, साहेब बदलले, बादली राहिली. या बादलीत कारखान्यात आलेल्या प्रत्येक झाडाचा काही ना काही अंश होता.

“या वेळेस बादलीसुद्धा नाही ठेवायची,” ती म्हणाली.

काकांनी हातमोजे काढले आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात विचारलं, “ते सूत कुणाचं वाईट करतंय का?”

तिने टाकीकडे तोंड फिरवलं.

“बायका खूश आहेत. मी खूश आहे. सगळ्यांचा हात धरून सोडून देतंय. एकट्या तुलाच ते नकोय. तू सांगशील तर बादली आत्ता गटारात ओततो, माझ्या उस्तादाची माफी मागून. पण तुला नको आहे म्हणून ओतायची की सूत वाईट आहे म्हणून, तेवढं सांग.”

ती चाचणीखोलीत परतली. तिने टेबलावरची एक लडी उचलली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि वेळ संपायच्या आत घरी निघाली. बस रिकामी होती. मांडीवरच्या पिशवीत लडी कोरडी होती, मुकाट होती, आणि तरी धाकटीने पिशवीचं तोंड घट्ट धरून ठेवलं होतं.

आई स्वयंपाकघराच्या टेबलाशी शेंगा सोलत बसली होती. धाकटीने घमेल्यात पाणी घेतलं, घमेलं टेबलावर ठेवलं आणि लडी सोडून पाण्यात टाकली.

“या सुतात तळ्याकडची झाडं आहेत,” ती म्हणाली. “हात घाल.”

का, ते आईने विचारलं नाही. हात पुसले आणि उजवा हात पाण्यात घातला. थोडा वेळ काही झालं नाही. मग धाग्याने आईची बोटं धरली. एकदा लांब, दोनदा आखूड. आईचे डोळे मिटले. खूण दोघींचीच होती असं धाकटी समजत होती. पण आईच्या ओठांनी त्याच तालावर हलून उत्तर दिलं, आणि ही खूण ताईला आईनेच दिलेली असणार हे धाकटीला आत्ता कळलं. धागा ढिला झाला. आईने हात बाहेर काढला नाही.

“आता तू,” शेवटी हात काढून घेत आई म्हणाली.

धाकटीने हात घातला. धाग्याने तिचं मनगट धरलं, बोट नाही. आवळलं आणि आवळतच राहिलं. आई बघत होती. कातडी आधी पांढरी पडली, मग निळी.

“मला सोडत नाही,” धाकटी रडत म्हणाली. “आई, ती पळाली नव्हती. तिने मला धरलं होतं. मी हात हिसडला. तळ्यापाशी. मी तुम्हाला रस्ता दाखवला, तो खोटा होता.”

तिने डोळे घट्ट मिटून घेतले. बत्तीस वर्षं ज्याची धास्ती होती ते आता येणार होतं.

“माहीत आहे,” आई म्हणाली.

घरात कुठेतरी नळ ठिबकत होता.

“तिसऱ्या दिवशी तुला अंघोळ घातली. स्वेटरची बाही वर केली तर मनगटावर नखांचे ओरखडे होते. चार या बाजूला, एक त्या बाजूला. मोठ्या माणसाचे नव्हते. मी तुझ्या वडिलांना म्हटलं, आता रस्ता सोडा, तळं बघा. का ते सांगितलं नाही. ओरखड्यांना मलम लावत राहिले, ते जाईपर्यंत.”

“मग मला विचारलं का नाहीस?”

“एक गेली होती. विचारलं असतं तर दुसरीही गेली असती.” आई हे शेंगांचे भाव सांगावेत तसं म्हणाली. मग ती घमेल्यावर वाकली. धाकटीच्या मनगटाकडे नाही, पाण्याकडे बघून बोलली, आणि तो आवाज धाकटीने लहानपणानंतर ऐकला नव्हता. “सोड गं तिला आता. लहान होती ती.”

धागा लगेच ढिला झाला नाही. त्याने विचार केल्यासारखं वाटलं. मग एकेक वेढा उलगडत गेला आणि धाकटीचा हात पाण्यातून मोकळा वर आला. तिने तो छातीशी धरला. तिला वाटलं, आता आई आपल्याला जवळ घेईल.

आईने शेंगांचं ताट बाजूला सरकवलं, खुर्ची पुढे ओढली आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात घातले.

“तू ऊठ,” ती म्हणाली. “आम्ही बसतो जरा.”

धाकटी उठली. दारापर्यंत पोचली तेव्हा आईने बोलायला सुरुवात केली होती, शांतपणे, घरातल्या साध्यासुध्या गोष्टी, आणि प्रत्येक वाक्यानंतर ती उत्तर ऐकायला थांबत होती.